सूट मिळाली, जागा कधी मिळणार?

रमजानचा महिना सुरू झाला की मुस्लिम घरांचे घड्याळ बदलते. एरवी सकाळी सहाला पेटणारा गॅस पहाटे चारलाच पेटतो. ही सहरी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचे जेवण. दिवसभर चूल थंड असते. सूर्य मावळला की इफ्तारसाठी सारे घर दस्तरखानाभोवती बसते आणि रात्रीच्या नमाजनंतर मशिदीत तरावीहची लांब नमाज होते. सावनेरच्या बाजारातही हे दिसते. खजुराचे ढीग लागतात, संध्याकाळी फळांच्या गाड्यांभोवती गर्दी होते. शेजारच्या हिंदू घरांनाही हे सारे सवयीचे झालेले असते. मुलांना तर हा महिना फार आवडतो. रात्री उशिरापर्यंत जागायला मिळते, रोज काहीतरी चांगलेचुंगले खायला मिळते आणि शेवटी ईद असते.

ज्या घरात स्वमग्न मूल आहे, त्या घरात मात्र हाच महिना वेगळा जातो. ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट होणे हा अशा मुलाचा मोठा आधार असतो. तो आधार तीस दिवस हलतो. आमच्या घरी असे मूल आहे. मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही. आपल्याविषयी लोकांना काय सांगायचे, हे मोठेपणी त्याचे तो ठरवील. पण घरातले थोडे सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही, म्हणून तेवढेच सांगतो.

पहाटे भांड्यांचा आवाज झाला की तो दचकून उठतो आणि कानांवर हात दाबून धरतो. इफ्तारचा भोंगा वाजतो, तेव्हा इतरांच्या चेहऱ्यावर हसू येते. त्याच्यासाठी तो आवाज अंगावर धावून आल्यासारखा असतो. तो मोजके चार-पाच पदार्थ खातो. वरण-भात, एकाच कंपनीचे बिस्किट, केळ, साधी पोळी. तळलेल्या भज्यांच्या वासाने त्याला मळमळते. ईदच्या नव्या कपड्यांची जरी त्याला टोचते. गळाभेट हा ईदचा आत्मा, पण अचानक कुणी मिठी मारली तर तो ढकलून देतो. पाहुण्यांना वाटते, मुलगा उद्धट आहे.

गेल्या काही वर्षांत आम्ही आमच्यापुरत्या वाटा काढल्या. रमजानच्या पंधरा दिवस आधीपासून भिंतीवर चित्रांचे कॅलेंडर लागते. चंद्राचे चित्र, थाळीचे चित्र, शेवटी नव्या कपड्याचे चित्र. रोज रात्री एक चौकोन तो स्वतः खोडतो. अजून किती दिवस उरले, हे डोळ्यांना दिसले की त्याची घालमेल कमी होते. सहरीची भांडी रात्रीच काढून ठेवतो. भोंग्याच्या दोन मिनिटे आधी त्याच्या कानांवर हेडफोन येतात. त्याचे जेवण त्याच्या नेहमीच्या वेळी, नेहमीच्या ताटात. ईदचा सदरा दोनदा-तीनदा धुऊन मऊ केलेला आणि मागची पट्टी कापून टाकलेली. हे सारे त्याच्या आईने, दादीने आणि मोठ्या बहिणीने एकेक करून शोधून काढले. त्यात चमत्कार नाही. मुलाकडे नीट बघत राहिले की ते जमते.

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे. तो जन्मापासून असतो. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकशास्त्रात ही स्थिती स्वतंत्रपणे ओळखली जाऊ लागली. बोलणे, समोरच्याचे हावभाव समजणे, देवाणघेवाण करणे यांत अडचण, त्याच त्या हालचाली किंवा गोष्टींची ओढ, आणि आवाज-प्रकाश-स्पर्श यांची फार कमी किंवा फार जास्त जाणीव, ही तिची मुख्य लक्षणे. कुणी मूल अजिबात बोलत नाही, कुणी पुस्तकातल्यासारखे बोलते. म्हणून तिला एक मोठा पट्टा मानतात. मराठीतला ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे, म्हणून मीही वापरतो. पण त्यावरून वाटते की मूल आपल्यातच रमले आहे, त्याला जग नकोच. आमचा अनुभव उलटा आहे. जग त्याच्यापर्यंत फार जोराने येते, म्हणून तो कान झाकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साधारण शंभर-सव्वाशे माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न असते. ३० हजार वस्तीच्या गावाला हा हिशेब लावला, तर आकडा दोनशेच्या वर जातो. ही मोजणी नाही, अंदाज आहे. तरीही वाचकांनी क्षणभर थांबून आठवून बघावे. आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत, आपल्या मशिदीत, आपल्या गणेश मंडळाच्या मांडवात अशी किती मुले दिसतात? दिसत नसतील, तर ती कुठे आहेत?

ती घरात आहेत. त्यांच्यासोबत त्यांची आईही घरात आहे.

ती घरात कशी गेली, हे सांगतो. आधी नातेवाइकांची बोलावणी कमी होतात. कारण वाईट नसते. “तुम्हाला त्रास नको म्हणून कळवलं नाही,” असे म्हणतात आणि खरोखर तसेच वाटत असते. मग शेजारी म्हणतात, “त्याला कशाला उन्हातान्हात आणता, असू द्या घरी.” शाळेत सांगतात, “स्नेहसंमेलनाला नाही आणलं तरी चालेल.” मशिदीत सांगतात, “याच्यावर नमाज फर्ज नाही, कशाला आणता?” प्रत्येक वाक्य मायेने बोललेले. प्रत्येक वाक्यात एक सूट आहे. आणि अशा दहा सुटी एकत्र आल्या की त्या घराला गावात जागाच उरत नाही.

इथेच माझे म्हणणे आहे. सूट देणे वेगळे आणि जागा देणे वेगळे. आपला समाज सूट देण्यात उदार आहे, जागा देताना हात आखडतो.

रमजानच्या निमित्ताने धर्मात काय आहे, तेही बघू. इस्लाममध्ये कुणावरही त्याच्या ताकदीपलीकडचे ओझे नाही. ज्याची समज तेवढी नाही, त्याच्यावर रोजा-नमाजचे बंधन नाही, यावर उलेमांचे एकमत आहे. आजारी, प्रवासी, वृद्ध यांनाही मोकळीक आहे. ही सूट मोठी गोष्ट आहे. तिच्यामुळे आमच्यासारख्या घरावरचा किती तरी अपराधभाव उतरतो. पण सूट म्हणजे “तू येऊ नकोस” असा हुकूम नव्हे.

प्रेषित हजरत मुहंमद (स.) यांचे एक अंध साथी होते, हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम. अपंगत्वामुळे युद्धाला जाता येत नाही त्यांना दोष नाही, ही कुरआनातील मोकळीक त्यांच्याच विचारण्यावरून आली, असे परंपरा सांगते. म्हणजे सूट त्यांना मिळालेली होती. पण गोष्ट तिथे थांबली नाही. मदिनेत रमजानच्या पहाटे दोन अजान होत. पहिली हजरत बिलाल देत, तेव्हा लोकांचे खाणेपिणे चालू असे. दुसरी इब्ने उम्मे मक्तूम देत आणि ती झाली की सहरी संपे. ज्याला उजेड दिसत नाही, त्याच्याकडे पहाट झाल्याचे सांगण्याचे काम! ते जमे कसे? आजूबाजूचे लोक त्यांना सांगत की पहाट झाली, मग ते अजान देत. कमी होती ती शेजाऱ्यांनी भरून काढली आणि काम त्यांच्याकडेच ठेवले. प्रेषित मदिनेबाहेर गेले की अनेकदा शहरातील नमाजचे नेतृत्वही त्यांच्याकडेच सोपवून जात. सूट आणि जागा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला मिळालेल्या आहेत.

दुसरी गोष्ट हदीसच्या ग्रंथांत आहे. नमाज सुरू असताना एखादे मूल रडू लागले, तर आईचा जीव कासावीस होईल म्हणून प्रेषित नमाज आटोपती घेत. मुलाला बाहेर न्या, असे त्यांनी म्हटले नाही. आपली लहान नात खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढल्याचीही नोंद आहे. आज एखाद्या मशिदीत मूल ओरडले, हात फडफडवले, रांगेतून पळाले, तर माना वळतात. आमच्याही वाट्याला ते आले आहे. कुठे, ते सांगण्यात अर्थ नाही, कारण ते कुठेही होऊ शकते. नमाजच्या रांगेला सफ म्हणतात. सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि मध्ये रिकामी जागा ठेवायची नाही, असा नियम आहे. अशा मुलाची जागा मात्र आपण वर्षानुवर्षे रिकामी ठेवतो आणि ती आपल्या डोळ्यांत येत नाही.

हा दोष एका समाजाचा नाही. माझे हिंदू आणि बौद्ध सहकारी, शेजारी हेच सांगतात, फक्त सण बदलतात. दिवाळीत फटाक्यांमुळे तीन-चार दिवस दारे-खिडक्या लावून बसणारी घरे आहेत. मिरवणुकीतला डीजे गल्लीच्या तोंडाशी आला की मुलाला घेऊन मागच्या खोलीत जाणारी आई आहे. तान्ह्या पोळ्याला आपल्या विदर्भातली लेकरे लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा मागत फिरतात. त्यात असे मूल क्वचितच दिसते. कारण गर्दी, ढोल आणि अनोळखी दारे. त्याला दोनच ओळखीच्या घरी, गर्दी ओसरल्यावर नेले, तर त्याचाही पोळा होईल. पण त्यासाठी त्या दोन घरांनी दार उघडे ठेवले पाहिजे.

उपचाराच्या शोधात लोक कुठे कुठे जातात, हेही आपल्या तालुक्याला ठाऊक आहे. वाकीच्या ताजुद्दीन बाबांच्या दरबारात सगळ्या धर्मांची माणसे आपले मूल घेऊन येतात. दुआ मागण्याला माझी हरकत नाही, मीही मागतो. दुआने आईबापांचे मन सावरते, ही लहान गोष्ट नाही. पण नजर लागली, बाहेरचे काही आहे, असे म्हणून वर्षे घालवली तर नुकसान मुलाचे होते. ताजुद्दीन बाबांनाही लोकांनी वेडे ठरवले होते आणि नागपूरच्या त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळात त्यांना बरीच वर्षे काढावी लागली होती. वेगळ्या वागणाऱ्या माणसाला चटकन नाव ठेवू नये, एवढे तरी त्यांच्या दरबारातून आपण घेऊन यावे.

नाव ठेवण्याचा हा रोग शिकलेल्यांनाही झाला होता. १९५० आणि ६० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत मोठमोठे तज्ज्ञ सांगत की आई मायेने वागत नाही म्हणून मूल असे होते. अशा आयांना ‘फ्रिजसारख्या थंड’ म्हटले जाई. ब्रूनो बेटलहाइम यांचे १९६७ सालचे पुस्तक याच मतामुळे गाजले. या मताला पहिला मोठा धक्का दिला तो बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, १९६४ साली. त्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. पुढे १९९८ मध्ये लसीमुळे ऑटिझम होतो असे सुचवणारा लेख इंग्लंडच्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात आला. तो चुकीचा आणि अप्रामाणिक ठरला आणि २०१० मध्ये मागे घेण्यात आला. तरीही लसीची भीती अजून मोबाइलवरून फिरते. आपल्या भागातल्या आईवडिलांनी हे पक्के लक्षात ठेवावे: लसीने ऑटिझम होत नाही, आणि आईच्या चुकीनेही होत नाही. आमच्या घरी सुरुवातीला आलेल्या दहा बायकांपैकी आठ जणींनी मुलाच्या आईला विचारले होते, “गरोदरपणात काय खाल्लंस? मोबाइल फार बघत होतीस का?” बापाला कुणीच काही विचारले नाही.

आपल्या देशात जे काही बदलले, तेही बहुतांशी आईबापांनीच बदलले. दिल्लीत मेरी बरुआ या एका स्वमग्न मुलाच्या आईने १९९१ साली ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था काढली. मुंबईत २००१ पासून बालविकासतज्ज्ञ डॉ. विभा कृष्णमूर्ती यांचे ‘उम्मीद’ केंद्र काम करते. पुण्यात ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’ आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नावही नव्हते. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांमध्ये त्याला स्पष्ट जागा मिळाली. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभागही केला.

पण मुंबई-पुण्यातले आईबाप आणि तालुक्याच्या गावातले आईबाप यांच्यात अंतर आहे. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी आम्ही नागपूरला जातो. एका बाजूने चाळीस किलोमीटरच्या आसपास. पाऊण तासाच्या थेरपीसाठी अख्खा दिवस जातो. एसटीत गर्दी असली की मूल बिथरते आणि लोक सल्ले देतात. ज्याच्याकडे गाडी नाही, ज्याची रोजी त्या दिवशी बुडते, तो किती आठवडे जाईल? दोन-तीन महिन्यांत थांबतो. मग आपण म्हणतो, आईबापांनीच मनावर घेतले नाही.

यात पहिली नोकरी जाते ती आईची. माझ्या पत्नीनेही शिकवणे सोडले. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हिमाचल प्रदेशातील एका सरकारी महाविद्यालयातल्या भूगोलाच्या सहायक प्राध्यापिकेचे प्रकरण आले. मुलाला जन्मजात दुर्धर आजार, त्याच्या उपचारांत सगळ्या रजा संपलेल्या, आणि बालसंगोपन रजा नाकारलेली. नोकरीत स्त्रियांचा सहभाग ही कुणाची मेहेरबानी नाही, तो संविधानाने दिलेला हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि अपंग मुलांच्या मातांचा विचार करून रजेचे धोरण तपासण्यास त्या राज्याला सांगितले. मी त्याच पेशातला आहे, म्हणून ते प्रकरण बारकाईने वाचले. ती बाई सूट मागत नव्हती. तिला आपली नोकरीतली जागा टिकवायची होती.

शाळेचेही असेच. दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षणहक्क कायद्यातही ही मुले वंचित गटात धरली जातात. दहावी-बारावीला राज्य मंडळ त्यांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देते. कागदावर सूट भरपूर आहे. वर्गात मात्र मूल शेवटच्या बाकावर बसते, मधल्या सुटीत एकटे डबा खाते आणि वाढदिवसाला त्याला कुणी बोलावत नाही. या गोष्टी कुठल्याही शासन निर्णयाने होणार नाहीत. त्या शिक्षकाने आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या आईनेच करायच्या आहेत.

कुणी म्हणेल, अशी मुले मोठे पराक्रमही करतात. करतात. नौदलातील कर्मचाऱ्याची मुलगी जिया राय स्वमग्न आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये, बारा वर्षांची असताना, ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर पोहली. पुढच्या वर्षी तिने श्रीलंका आणि भारतामधली पाल्क सामुद्रधुनी पार केली, तिला पंतप्रधान राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला, आणि २०२४ मध्ये तिने इंग्लिश खाडीही पोहून पार केली. तिचे आणि तिच्या आईवडिलांचे करावे तेवढे कौतुक थोडेच. पण आमच्या घरी येणारे पाहुणे तिचे नाव घेऊन विचारतात, “तुमच्या मुलात काय विशेष आहे?” काही विशेष नाही. त्याला पाणी ओतायला आवडते, बसचे नंबर पाठ आहेत, आणि बहीण शाळेतून आली की तो दारापर्यंत जातो. समुद्र पोहल्यावरच जागा मिळणार असेल, तर ती जागा नाही, ते बक्षीस आहे.

त्या बहिणीविषयीही दोन शब्द. घरातल्या दुसऱ्या मुलांवर लवकर मोठे होण्याची वेळ येते. तिच्या मैत्रिणी घरी येताना कचरतात. पुढे भावाला कोण बघणार, हा प्रश्न तिला कुणी सांगितला नाही, तरी तो तिने ऐकला आहे. अशा घरातल्या भावंडाला “तू किती समजूतदार आहेस” म्हणण्यापेक्षा एक संध्याकाळ खेळायला न्यावे. ते जास्त कामाचे आहे.

आणि आमच्या माघारी काय, हा प्रश्न तर प्रत्येक आईबापाच्या उशाशी असतो. त्यासाठी काही सोयी आहेत आणि त्या माहीत असायला हव्यात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड ही पहिली पायरी. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण आहे, त्यात थेरपीचा खर्चही येतो. मूल १८ वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती असते. शंका लवकर यावी म्हणून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत येतात. वर्षाचे मूल हाक मारली तरी वळून बघत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने वस्तू दाखवत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द हरवले असतील, तर “याचा बापही उशिराच बोलला होता” म्हणून थांबू नये. अंगणवाडीताईंना, डॉक्टरांना दाखवावे. तपासून काही निघाले नाही, तर काही बिघडत नाही.

रमजानमध्ये जकात आणि फित्र्याचे पैसे निघतात. जकात गरिबांचा हक्क आहे आणि ती कुणाला द्यायची, याचे नियम ठरलेले आहेत. त्या नियमांत बसणाऱ्या गरीब घरात असे मूल असेल, तर त्या घराचे वर्षभराचे एसटीचे भाडे आणि थेरपीची फी काही जणांनी मिळून उचलावी, असे मी सुचवतो. गावातल्या आलिमांना विचारून करावे. गणेश मंडळे, दुर्गा मंडळे, भीमजयंतीच्या समित्या यांच्याकडेही वर्गणी जमते. त्यांनीही एकेक घर धरावे. आठवड्यातून एक दिवस नागपूरचा थेरपिस्ट सावनेरला येऊन बसेल, एवढी सोय चार मंडळे आणि दोन मशिदी मिळून करू शकतात. मूल कोणत्या धर्माचे, हे तिथे कुणी विचारणार नाही.

ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी जागा द्यावी. इफ्तारला, हळदीकुंकवाला, साखरपुड्याला त्या घराला बोलावणे करावे. येतील की नाही, हे त्यांना ठरवू द्यावे. आधी फोन करून विचारावे, “त्याला काय चालतं? कोणत्या वेळी आणाल?” घरातली एक शांत खोली त्याच्यासाठी उघडी ठेवावी. मुलाशी थेट बोलावे, त्याच्या डोक्यावरून आईबापांशी नको. त्याने उत्तर दिले नाही तरी त्याने ऐकलेले असते. “बरा होईल का?” हा प्रश्न टाळावा. मशिदीत, मंदिरात, विहारात दाराजवळची एक कडेची जागा अशा घरांसाठी ठेवावी, जिथून उठून जाता येईल आणि परतही येता येईल. लाऊडस्पीकरचा आवाज एक घर खाली आणावा. त्याने कुणाची इबादत कमी होणार नाही.

ईदनंतर काही दिवसांतच २ एप्रिल येतो. संयुक्त राष्ट्रांनी २००८ पासून हा दिवस जागतिक ऑटिझम जागृती दिन म्हणून ठेवला आहे. त्या दिवशी शहरांत इमारतींवर निळे दिवे लागतात, भाषणे होतात. सावनेरला दिवे नसले तरी चालतील. येत्या ईदला आपल्या मोहल्ल्यातल्या अशा एका घराचे दार वाजवावे, शीरखुर्मा द्यावा आणि जाताना म्हणावे, “पुढच्या शुक्रवारी मुलाला घेऊन या. तो ओरडला तर आम्ही बघू.” हे शेवटचे वाक्य ऐकण्यासाठी कितीतरी आया वर्षानुवर्षे घरात बसून आहेत.